सरदारजींच्या लाल गाडीची बॅटरी

माझ्या वडिलांकडे स्पोर्ट्स कार आहे, असं मी लातूरमध्ये सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग दारात लावलेल्या माझ्या जुन्या स्कूटीकडे बघतो आणि विषय बदलतो. पण गाडी खरीच आहे. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी. जमिनीला इतकी लागून की आत बसलेला माणूस बाहेरून रस्त्यावरच मांडी घालून बसल्यासारखा दिसतो. वरचा कापडी टप मागे दुमडता येतो. नांदेडला आमच्या घराच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे, तिथं एका अंगाला आईची शिलाई मशीन, एका अंगाला पाण्याची टाकी आणि मधे ती गाडी, अशी व्यवस्था आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. बसचे दिवे, हॉर्न, सेल्फ, बॅटऱ्या, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यानंतर एका दुपारी ते स्कूटरवरून गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यानं घरी येत होते. रस्त्याच्या कडेला ही लाल गाडी उभी, आणि तिचा हॉर्न एकसारखा वाजून राहिलेला. आत पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी मान खाली घालून बसलेले, भोवती बघ्यांची गर्दी. दादांनी स्कूटर लावली, बॉनेट उघडायला लावलं, दोन-तीन ठिकाणी हात घालून एक रिले उपटला, आणि आवाज बंद झाला. सरदारजी खाली उतरले आणि दादांचे दोन्ही हात हातात धरून तसेच उभे राहिले.

नंतर कळलं की सरदारजींनी इंग्लंडमध्ये उभी हयात बस चालवली होती. तिकडं रिटायर झाल्यावर त्यांनी ही एकच हौस केली, ही गाडी घेतली. बायको गेल्यावर उरलेलं आयुष्य गुरुद्वाऱ्याजवळ सेवेत काढायचं म्हणून ते नांदेडला आले, तर गाडीही सोबत घेऊन आले. रोज सकाळी लंगरमध्ये लसूण सोलायला बसायचे, आणि रविवारी आमच्या शेडमध्ये यायचे. एकानं बस चालवलेली, दुसऱ्यानं बस दुरुस्त केलेली. दोघांचं बोलणं कधी संपायचं नाही. दादांना हिंदी बेताची, सरदारजींना मराठी अजिबात नाही, तरी चालायचं. सरदारजी दादांना उस्ताद म्हणायचे.

पुढं त्यांचे गुडघे गेले. मुलगी येऊन त्यांना अमृतसरला घेऊन गेली. जाताना सगळी कागदपत्रं रीतसर करून गाडी दादांच्या नावावर करून गेले. विकायची तर विक, म्हणाले. दादांनी विकली नाही. दर रविवारी तिकडून फोन यायचा, आणि पहिला प्रश्न गाडीचा असायचा. दादांची तब्येत दुसऱ्या नंबरला.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी सरदारजींचा फोन आला की ते महिनाभर नांदेडला येत आहेत. तिकीट झालंय, वीस दिवसांनी पोहोचतील. दादांनी त्या आनंदात सांगून टाकलं, स्टेशनवर घ्यायला मी गाडी घेऊन येतो, तुमचीच. फोन ठेवला, शेडमध्ये गेले, गाडीवरची जुनी चादर काढली आणि चावी फिरवली. आतून नुसतं टिक असा आवाज आला. दादांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चार-पाच महिने गाडी जागची हलली नव्हती. बॅटरी पार बसली होती. चार्ज करून बघितली, दुसऱ्याच्या गाडीला वायर लावून बघितली. इंजिन चालू व्हायचं, पण तासाभरानं पुन्हा तेच. बॅटरीच्या कोपऱ्यावर पांढरं पीठ जमलं होतं. ती संपलीच होती.

मला हे सगळं फोनवर कळत होतं. मी लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. शिशाच्या दोन प्लेटा, मधे सल्फ्युरिक अॅसिड, चार्ज होताना काय, डिस्चार्ज होताना काय, हे दरवर्षी शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवते. म्हणून मी दादांना सांगायला गेले की या गाडीची बॅटरी डिकीत आहे, बंद जागेत आहे, तेव्हा चार्ज होताना निघणाऱ्या गॅसचा विचार करा आणि तशीच सीलबंद बॅटरी बघा.

दादा म्हणाले, "तू फळ्यावरची बॅटरी शिकवतीस, माय. ही डिकीतली हाय."

त्यांनी बसच्या हजार बॅटऱ्या बसवलेल्या, मी एकसुद्धा हातात धरलेली नव्हती.

दादांनी नांदेडमध्येच बॅटरी आणली. दुकानदारानं विचारलं होतं म्हणे, काका, एवढ्या छोट्या गाडीला ही एवढी मोठी कशाला. पण दादांच्या डोक्यात बस बसलेली. बॅटरी जेवढी मोठी तेवढी निवांत, सेल्फ मारला की इंजिननं लगेच बोललं पाहिजे. त्यांनी जीपला लागते तसली, पाणी घालायची, वर सहा बुचं असलेली बॅटरी घेतली. ती गाडीच्या मूळच्या कप्प्यात काही बसेना. मग त्यांनी कप्प्यावर लाकडाची फळी टाकली, त्यावर बॅटरी ठेवली आणि सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधली. गाडी एका झटक्यात चालू झाली. त्या संध्याकाळी दादांनी मला मुद्दाम फोन करून इंजिनचा आवाज ऐकवला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. एरवी ती मी क्लासवरून घरी पोचल्यावरच फोन करते. म्हणाली, "तुझ्या दादाला भाजलंय. लई न्हाई, पण तू ये."

मी दुसऱ्या दिवशी रविवारी गेले. झालं होतं असं की दादा गाडी फिरवून आणायला निघाले. वळणावर बॅटरी फळीवरून सरकली, आणि घरी आल्यावर डिकी उघडून पुन्हा लावताना पत्र्याचं झाकण वरच्या उघड्या टर्मिनलला टेकलं. डोळ्यांपुढं लखकन उजेड झाला, ठिणग्या उडाल्या. दादांनी घाईत केबल ओढायला हात घातला आणि तळहात भाजला. डिकीतल्या गालिच्यावर अॅसिड सांडून वीतभर भोक पडलं होतं. सुदैवानं एवढ्यावर भागलं.

आई म्हणाली, कालपासून धड बोलले नाहीत. दादा अंगणातल्या खुर्चीवर पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. मला आधी वाटलं हात दुखतोय. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "तीस वर्षं वर्कशॉपातल्या पोरांना हेच शिकवलं मी. झाकण लावायच्या आधी वरती जागा बघा. आन् मलाच दिसलं न्हाई."

मी म्हणाले, होतं एखाद्या वेळेस. ते म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी नजर काही पहिल्यासारखी राहिली नाही, आता या कामात आपला उपयोग नाही, सरदारजीला रिक्षानं घेऊन येऊ. मग उठून आत गेले. माझ्या वडिलांना मी इतक्या वर्षांत कधी काम सोडून देताना बघितलं नव्हतं. मला त्या भाजण्यापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

लातूरला परत आल्यावर मी बॅटरीवाल्यांची चौकशी सुरू केली. गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका बोळात एक जुनं दुकान आहे. तिथं एक वयस्कर चाचा बसतात, त्यांच्या वडिलांच्या काळापासून हाच धंदा. पूर्वी ते बॅटरी उघडून आतल्या प्लेटा बदलायचे, शिसं वितळवून जोड द्यायचे, वरून डांबर ओतून बंद करायचे. आता सगळं तयार येतं, ते फक्त विकतात. पण त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत अॅसिडचे पांढरे ठिपके आहेत.

मी त्यांना मोबाइलवर डिकीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "बेटी, फोटोत खोली कळत नाही. नाप आण."

मग त्यांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली. बॅटरी बसते ती जागा लांब किती, रुंद किती. खालपासून डिकीच्या झाकणापर्यंत उंची किती. प्लसची केबल कोणत्या बाजूनं येते आणि किती पुरते. टर्मिनलची जाडी केवढी. जुन्या बॅटरीला बाजूनं बारीक नळी होती का, ती गाडीच्या खाली बाहेर निघते का. आणि शेवटी, गाडी रोज चालते की उभी असते. मला यातलं एकही उत्तर देता आलं नाही.

दादा तर डिकी उघडायला तयार नव्हते. मी आईला फोन केला. आई ब्लाउज शिवते. गल्लीतल्या बायका तिच्या मापाची खात्री देतात. गाडीत मात्र ती कधी बसली नव्हती. तिचं म्हणणं, त्यात बसायचं म्हणजे आधी पडायचं, आणि उठायचं म्हणजे चार माणसं बोलवायची. पण माप घ्यायचंय म्हटल्यावर ती गळ्यात टेप अडकवून शेडमध्ये गेली. मी व्हिडिओ कॉलवर. तिनं कप्प्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, दोन्ही मापं दोनदा घेतली. नळी सापडली, ती खाली जाते हे फुंकर मारून बघितलं. उंचीशी आल्यावर अडचण आली, कारण झाकण लावल्याशिवाय उंची कळणार नाही आणि झाकण लावलं की टेप आत जाणार नाही.

आई फोन तसाच ठेवून घरात गेली. येताना दोऱ्याची रिकामी रिळं आणि कणकेचा गोळा घेऊन आली. कप्प्यात रिळावर रीळ ठेवलं, सगळ्यात वर कणीक थापली, आणि डिकीचं झाकण हळू लावलं. उघडलं तर कणीक दबून चपटी झाली होती. तिनं तिथपर्यंतची उंची मोजली आणि म्हणाली, "यापेक्षा दोन बोटं कमी धर. कापड असो का पत्रा असो, जरा मोकळं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी तो कागद चाचांना दिला. इंच लिहिलेले, पुढं इंचाचे बारीक भाग, सूतसुद्धा लिहिलेले. चाचांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, हे कोणी मोजलं. मी म्हणाले, आईनं, टेलरिंग करते. चाचांनी मान हलवली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी त्या मापाचा डबा तयार केला, वर खडूनं एका बाजूला अधिकचं चिन्ह काढलं, एका बाजूला वजाचं, आणि म्हणाले, आता या डब्यात मावेल तीच आपली.

तो तासभर मला अजून आठवतो. एक बॅटरी लांबीला बरोबर, पण उंचीला बोटभर जास्त. तिला त्यांनी हातसुद्धा लावू दिला नाही. दुसरी सगळ्या बाजूंनी बरोबर, पण प्लस उलट्या बाजूला. मी म्हणाले, केबल ओढून पुरवता येईल की. ते म्हणाले, ओढलेली केबल रस्त्यावर हादरे खाऊन सहा महिन्यांत सैल होते, आणि सैल केबल म्हणजे परत ठिणगी. तिसरी बसली, प्लसही जागेवर होता, पण तिला नळी लावायला भोक नव्हतं. बंद डिकीत गॅस कोंडणार. मला फळ्यावरचा माझाच हायड्रोजन आठवला. चौथी त्यांनी ओळखीच्या दुकानातून मागवली. ती सगळ्यात बसली. मी खूश झाले. चाचांनी तिच्या अंगावरचा शिक्का वाचला आणि ती परत केली. कारखान्यातून निघून तिला दीड वर्ष झालं होतं. दुकानात बसल्या बसल्या तिचा जीव अर्धा कमी झालेला, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

मोठ्या बॅटरीबद्दल मी विचारलं. दादांचा हिशोब चुकला कुठं, हे मला त्यांना नीट सांगता यायला हवं होतं. चाचा म्हणाले, चुकला नाही. डिझेलचं मोठं इंजिन फिरवायला तेवढी ताकद लागतेच, बससाठी तो हिशोब बरोबर होता. ही पेट्रोलची छोटी गाडी, हिला एवढ्या जोराची गरज नाही. हिला गरज आहे ती उभी राहून राहून न बसणाऱ्या बॅटरीची. शिवाय डिकीत नको तेवढं वजन घातलं की अशी हलकी गाडी वळणावर मागून वेडंवाकडं करते.

शेवटी हैदराबादहून एक मागवली. तीन दिवसांनी आली. लहानशी, काळी, पूर्ण बंद. आतलं अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं, त्यामुळं सांडायला काही नाही. बाजूला नळीसाठी भोक. शिक्का दोन महिन्यांपूर्वीचा. पुठ्ठ्याच्या डब्यात ती अशी जाऊन बसली की चाचांनी डबा उलटा करून ती बाहेर काढली.

सरदारजी यायला चार दिवस होते. मी म्हणाले, मी उद्या घेऊन जाते. चाचा म्हणाले की त्यांना ती गाडी बघायची आहे, चालेल का. एवढ्या वर्षांत ट्रॅक्टर बघितले, ट्रक बघितले, लग्नाच्या जीपा बघितल्या, पण दोन माणसांची गाडी कधी हाताखाली आली नाही.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. बॅटरी गोणपाटाच्या पिशवीत, चाचांच्या पायाशी. अहमदपूरच्या अलीकडं कंडक्टरचं पिशवीकडं लक्ष गेलं. बॅटरी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, अॅसिड सांडलं तर कोण जबाबदार, पुढच्या स्टॉपला उतरवा. चाचांनी शांतपणे पिशवी उघडली, बॅटरी मांडीवर घेतली आणि आपल्या पांढऱ्या लेंग्यावर तिला आडवी केली, मग उलटी केली. थेंबभरही काही आलं नाही. कंडक्टरनं वाकून लेंगा बघितला. मग सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. चाचांनी बॅटरी सरळ करून रुमालानं पुसली.

घरी दादा चाचांशी अदबीनं बोलले, पण अंग चोरून. पाणी दिलं, चहा झाला. शेडकडं जायचा विषय ते काढेनात. चाचांनीच बाह्या वर केल्या आणि हातावरचे ठिपके दाखवायला सुरुवात केली. हा कधीचा, तो कधीचा. एका वरातीच्या जीपला त्यांनी घाईत प्लस-मायनस उलटे जोडले होते, ऐन वरातीत वायरिंग जळालं आणि नवरदेव चालत मांडवात गेला. हे सांगताना ते स्वतःच हसत होते. दादांनी विचारलं, किती वर्षं झाली होती तेव्हा धंद्याला. चाचा म्हणाले, वीस.

त्यानंतर दादा उठले आणि शेडची कडी काढली.

गाडी बघून चाचा तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर फिरले. बॉनेटवरून हात फिरवला. डिकी उघडली, जळालेला गालिचा बघितला आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं आता ते बॅटरी बसवतील. पण त्यांनी पान्हा दादांच्या पुढं धरला. म्हणाले, गाडी तुमच्या ओळखीची, मी फक्त बॅटरी धरतो.

दादांनी पट्टीचा हात वर केला. नजरेचंही सांगितलं.

चाचा म्हणाले, "नजर तो मेरी भी गई, साहेब. नट काय डोळ्यानं आवळतो का आपण? हाताला विचारा."

दादांनी डाव्या हातानं पान्हा घेतला. चाचांनी बॅटरी कप्प्यात उतरवून धरून ठेवली. दादा वाकले. आधी बोटांनी कप्प्याच्या चारी कडा चाचपल्या, मग खालचा पट्टा आवळला, मग नळी भोकात बसवली. प्लस आधी, त्यावर रबरी टोपी, मायनस सगळ्यात शेवटी. प्रत्येक नट आवळला की बॅटरी हलवून बघत होते. मधूनमधून दोघं एकमेकांना एखादा शब्द विचारत, उत्तर यायच्या आधीच मान हलवत. आई मशीनवर बसून होती, पण मशीन बंद होती.

झाकण लावायच्या वेळी दादांनी आईकडं बघितलं. ती उठली आणि कणीक घेऊन आली. टर्मिनलच्या टोपीवर गोळा ठेवला, झाकण लावलं, उघडलं. गोळा होता तसाच गोल होता. दादांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला आणि आईला परत दिला.

मग चावी फिरवली. मोठ्या बॅटरीसारखा झटका नाही, काही नाही. इंजिन एकदा खाकरलं आणि चालू झालं. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही, शेडच्या पत्र्याकडं बघत राहिले.

जेवण झाल्यावर चाचांनी दादांना बजावलं की आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी पळवायची, आणि जमणार नसेल तेव्हा छोटा चार्जर लावून ठेवायचा. मग ते परत निघाले. मी रिक्षा बघायला निघाले, तर दादा म्हणाले, थांब. त्यांनी गाडी बाहेर काढली, टप मागं दुमडला आणि डावं दार उघडून धरलं. चाचा आधी नको नको म्हणाले. मग टोपी काढून खिशात ठेवली आणि बसले. बसताना त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला, पाण्यात उतरताना घेतात तसा. दादांनी त्यांना बसस्टँडवर सोडलं. येताना एकटे आले ते गाणं गुणगुणत आले, असं आई म्हणते. मी तेव्हा भांडी घासत होते, मला ऐकू आलं नाही.

सरदारजींची रेल्वे दुपारी आली. दादा तासभर आधीच स्टेशनवर गेले होते. मी आणि आई रिक्षानं मागून. सरदारजी काठी टेकत उतरले, पहिल्यापेक्षा निम्मे झालेले. दादांना मिठी मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, ती कुठं आहे. बाहेर आल्यावर गाडी दिसली तेव्हा ते चालायचे थांबले. दादांनी आणि मी मिळून त्यांना बसवलं, आधी कंबर, मग एक पाय, मग दुसरा. सामान आम्ही रिक्षात घातलं आणि पुढं निघालो. जेवण तयार होतं. ज्वारीच्या भाकरी, वरण, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

स्टेशनपासून घर फार तर पंधरा मिनिटं. अर्धा तास झाला, दोघांचा पत्ता नाही. पाऊण तास झाला. आई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. मला डिकी आठवायला लागली. दादांना फोन केला तर त्यांनी कापला. दीड तासानं लाल गाडी गल्लीत शिरली, अगदी सावकाश. सरदारजी सीटवर ताठ बसलेले, दादांचं तोंड उन्हानं लाल झालेलं.

दादांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. स्टेशनच्या बाहेर पडल्यावर दोन मिनिटांत सरदारजींना झोप लागली. दोन दिवसांचा प्रवास झालेला माणूस. गाडी थांबली की जाग येईल म्हणून दादांनी थांबवलीच नाही. गोदावरीच्या पुलापर्यंत जायचं, वळायचं, शहरातून यायचं, पुन्हा पुलाकडं. सिग्नल लागेल तिथं आधीपासूनच वेग कमी करत जायचं. तीन फेऱ्या झाल्या. मग सरदारजी आपणहून जागे झाले, तेव्हा दादांनी त्यांना सांगितलं, हे काय, आताच पोचलो. मला म्हणाले, तू काही बोलू नकोस.

जेवायला बसायच्या आधी दादा हात धुवायला मागच्या अंगणात गेले. सरदारजी खुर्चीवरच ताट घेऊन जेवायला लागले होते. त्यांनी आईला आणि मला जवळ बोलावलं आणि हिंदीत सांगितलं की तिसऱ्या फेरीला ते जागे होते. पूल आला तेव्हाच डोळे उघडले होते, पण पुन्हा मिटून घेतले. उठून बसलो असतो तर उस्तादानं गाडी घराकडं वळवली असती.

आईनं त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. तेवढ्यात दादा टॉवेलला हात पुसत आत आले आणि विचारलं, काय चाललंय. सरदारजी म्हणाले, भाकरी चांगली झालीय, असं सांगत होतो.